ट्राउटचे थंड पाणी आणि आमचे डोह

वैशाखात जिथे पारा 45 अंशांपर्यंत चढतो त्या वर्ध्यात ट्राउट माशाच्या शिकारीविषयी लिहावे, हे काहींना विपरीत वाटेल. धाम नदीत ट्राउट नाही आणि पुढेही असणार नाही. तरीही हा विषय आम्ही निवडला तो एवढ्यासाठी की, तो मासा आमच्या नदीत का जगू शकत नाही हे नीट कळले म्हणजे आमचे मासे कशाच्या आधारावर जगतात हेही उलगडते.

प्रथम ती शिकार कशी असते ते पाहू. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा बेडूक लावतात. आमिषाला वजन असते. फेकले की ते दोरीला ओढून नेते. ट्राउटच्या गळाला असते ती पिसे आणि धागा गुंडाळून केलेली नकली माशी. तिला वजन असे नाहीच. म्हणून तिथे उलटा प्रकार करावा लागतो : दोरीच जड घेतात आणि ती गळाला वाहून नेते. सुमारे नऊ फुटांची लवचिक काठी मागे झटकायची, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचे, आणि मग पुढे. नवशिके फसतात ते या थांबण्यात.

ही माशी नक्कल करते ती कोणाची? नदीतल्या दगडांखाली कित्येक महिने पिल्लाच्या रूपात राहणारे काही कीटक एके दिवशी पंख फुटून वर येतात आणि एक-दोन दिवसांत मरून जातात. ट्राउट त्यांची वाट पाहत, प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या खडकाच्या आडोशाला उभा असतो. आडोशाला पाणी संथ, म्हणून श्रम कमी. आणि शेजारचे वेगाचे पाणी भक्ष्य घेऊन येतेच. शिकारी खालच्या अंगाने, म्हणजे माशाच्या पाठीमागून, पाण्यात शिरतो आणि माशी वरच्या बाजूला टाकतो. ती गळालेल्या पानासारखी सहज वाहत आली पाहिजे. दोरीच्या ओढीने जरा आडवी घसरली, की मासा तिला तोंड लावत नाही. पुष्कळ शिकारी पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देतात. पवनारला विनोबांच्या आश्रमाखालच्या घाटावर हे सांगितले तर, मग मुळात टोचावेच कशाला, असा प्रश्न येईल. आमच्या मते तो रास्तच आहे.

आता पाण्याकडे वळू. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. शिवाय पाणी तापले की माशाची गरज वाढते. म्हणजे आवक घटते तेव्हाच खर्च वाढतो. ट्राउटला 20 अंशांखालचे पाणी मानवते, 25 च्या पुढे त्याचा जीव कासावीस होतो. 1900 साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून काश्मिरात ट्राउटचा वंश रुजला, कारण तिथे बर्फाचे पाणी होते.

अमेरिकेत माँटाना राज्यात मॅडिसन नदी आहे, यलोस्टोन उद्यानात उगम पावणारी. या शिकाऱ्यांची ती पंढरीच म्हणा. तिथे वर्षानुवर्षे उबवणी केंद्रांतले ट्राउट आणून सोडत असत. पुढे संशोधकांनी मोजणी केली तेव्हा असे दिसले की, बाहेरचे मासे सोडणे बंद केलेल्या भागात नदीतच जन्मलेले मासे वाढले. 1974 साली त्या राज्याने वाहत्या नद्यांत असे मासे सोडण्याचा प्रघातच थांबवला. आणि उन्हाळ्यात सलग तीन दिवस पाणी 23 अंशांवर गेले, तर दुपारी 2 पासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला बंदी येऊ शकते. माशांचे बीज वाढवण्यापेक्षा पाणी सांभाळण्याकडे तिथे लक्ष वळले ते असे.

आमच्याकडे बर्फ नाही. मुलताईला सातपुड्यात उगम पावून जिल्ह्याची पश्चिम सीमा आखत जाणारी वर्धा ही पावसाच्या पाण्याची नदी. धाम, बोर, वणा याही त्याच जातीच्या. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात ठिकठिकाणी तुटलेली धार. मग मासा जातो कुठे? डोहात. खोल डोहात वरचा थर तापला तरी तळाचे पाणी त्या मानाने थंड राहते. मरळीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा घेण्याचा खास अवयव असतो. ती वर येऊन हवेचा घोट घेते, आणि तो घेऊ दिला नाही तर पाण्यात असूनही गुदमरते. मागूरही हवा घेतो. पण ही सोय सगळ्यांना नाही, आणि मरळीलासुद्धा पाणी लागतेच.

डोहाला उन्हाळ्यात जगवते ती वाळू. ती पुराचे पाणी धरून ठेवते आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू पाझरत राहते. वाळू उपसली की हा पाझर तुटतो. धरणांत आणि तलावांत मत्स्यबीज सोडणे ठीक आहे. पण डोह आटलेल्या नदीत ते सोडले, तर एप्रिलमध्ये त्याने जायचे कुठे? कोणत्या डोहात वैशाखातही बांबू तळाला टेकत नाही, हे काठच्या ढिवर आणि भोई मंडळींना ठाऊक असते. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी त्यांना विचारून अशा डोहांची नावे आणि मे महिन्यातली खोली एका वहीत दरसाल लिहून ठेवावी, आणि त्यांच्या वरच्या अंगाच्या वाळूचा लिलाव होऊ देऊ नये. वहीचा खर्च तो किती!