लहान-मोठेपणाची चिन्हे

दोन संख्या समान नसतील, तर त्यांतील मोठी कोणती हे थोडक्यात दर्शविण्यासाठी गणितात > आणि < ही चिन्हे योजिली आहेत. ८ > ५ याचे वाचन 'आठ हे पाचापेक्षा मोठे' आणि ५ < ८ याचे 'पाच हे आठापेक्षा लहान' असे करावयाचे. चिन्हाचे उघडे तोंड नेहमी मोठ्या संख्येकडे व टोक लहान संख्येकडे असते.

इंग्रज गणिती टॉमस हॅरियट १६२१ मध्ये निवर्तला. त्याचा बीजगणितावरील ग्रंथ १६३१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात ही चिन्हे प्रथम छापली गेली. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्येच योजिले होते.

ऋण संख्यांपाशी मात्र विद्यार्थी हटकून फसतो. ८ > ३ आहे, म्हणून −८ हेही −३ पेक्षा मोठे असे त्यास वाटते. त्याने तापमापकाकडे पाहावे. −८ अंशांवर पारा −३ अंशांच्या खाली असतो. म्हणून −८ < −३.

यातच एक महत्त्वाचा नियम दडलेला आहे. असमतेच्या दोन्ही बाजूंस एकाच ऋण संख्येने गुणिले वा भागिले, तर चिन्हाची दिशा पालटते. −२क्ष < ६ यावरून क्ष > −३ मिळते, क्ष < −३ नव्हे. क्ष = ० घेऊन पडताळा पाहावा: ० < ६ हे खरे, आणि ० > −३ हेही खरे. दिशा पालटण्यास विसरणे म्हणजे खरी उत्तरे टाकून खोटी स्वीकारणे होय.