ठराव मोडला, म्हणून सैन्य कोणीही पाठवावे?

२० मार्च २००३ च्या पहाटे बगदादवर पहिली क्षेपणास्त्रे कोसळली. अमेरिका आणि ब्रिटन यांचे म्हणणे होते, की आपण संयुक्त राष्ट्रांच्याच ठरावांची अंमलबजावणी करत आहोत. हा युक्तिवाद वरवर पटतो, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

गैरसमज १ : आंतरराष्ट्रीय कायद्याने बळाच्या वापरावर सरसकट बंदी घातली आहे.

वस्तुस्थिती : बंदी आहे, पण तिला अपवाद आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला, तशी धमकी द्यायलाही मनाई करते. सनदेनेच दोन वाटा मोकळ्या ठेवल्या : सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण (कलम ५१) आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेची परवानगी. ब्रिटनची सगळी भिस्त या दुसऱ्या वाटेवर होती.

गैरसमज २ : इराकने ठराव मोडले होते, मग वेगळ्या परवानगीची गरजच काय?

वस्तुस्थिती : नोव्हेंबर १९९० च्या ठराव ६७८ ने इराकच्या ताब्यातून कुवेत सोडवण्यासाठी आणि त्या भागात शांतता प्रस्थापित करण्यासाठी ‘सर्व आवश्यक मार्ग’ वापरायची मुभा दिली. एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ ने शस्त्रसंधीच्या अटी घातल्या; रासायनिक आणि जैविक अस्त्रे नष्ट करणे ही त्यांतली एक. अटी मोडल्या, म्हणजे १९९० ची परवानगी पुन्हा जिवंत झाली, असा दावा होता.

खरी मेख इथे आहे. शस्त्रसंधीच्या अटी परिषदेने घातल्या होत्या. त्या मोडल्यावर पुढे काय करायचे, हे परिषदेने ठरवायचे की एखाद्या सदस्य देशाने? ८ नोव्हेंबर २००२ चा ठराव १४४१ सर्व १५ मतांनी संमत झाला. त्यात ‘शेवटची संधी’ होती, ‘गंभीर परिणामां’ची ताकीद होती, परवानगीचे रूढ शब्द मात्र नव्हते. अमेरिकेचे राजदूत जॉन नेग्रोपाँटे यांनी त्याच दिवशी सांगितले, की बळाचा वापर आपोआप सुरू होईल असे यात काही नाही. मात्र परिषद हलली नाही, तर कोणत्याही देशाला कृती करण्यापासून हा ठराव रोखत नाही, असेही ते म्हणाले. बहुसंख्य आंतरराष्ट्रीय कायदेतज्ज्ञांना हे दुसरे म्हणणे मान्य नाही, आणि मलाही ते पटत नाही. दुसऱ्याने दिलेला अधिकार त्याला न विचारता आपणच वाढवून घेता येत नाही.

गैरसमज ३ : ब्रिटनच्या कायदेशीर सल्ल्यात शंकेला जागा नव्हती.

वस्तुस्थिती : अ‍ॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला लिहिले, की बळाची परवानगी देणारा दुसरा ठराव परिषदेकडून मिळवणे हाच कायद्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. पुरेशी मते दिसेनात, तेव्हा १७ मार्चला त्या दुसऱ्या ठरावाचा नाद सोडण्यात आला. त्याच दिवशी संसदेपुढे आलेल्या त्यांच्या उत्तरात आधीच्या शंका नव्हत्या. परराष्ट्र खात्याच्या उपकायदेसल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी याच मुद्द्यावर राजीनामा दिला.

गैरसमज ४ : शस्त्रे सापडली असती, तर युद्ध वैध ठरले असते.

वस्तुस्थिती : साठे सापडले नाहीत, हे खरे. पण सापडले असते तरी परवानगीचा प्रश्न तसाच उरला असता. शेजाऱ्याच्या घरात चोरीचा माल निघाला, म्हणून विनावॉरंट दार फोडणारा जमाव पोलीस होत नाही.

गैरसमज ५ : शिक्षा कोणालाच झाली नाही, म्हणजे कायदा कागदावरच.

वस्तुस्थिती : नकाराधिकार असलेल्या देशांपुढे कायद्याचे हात तोकडे पडतात, आणि इराकी जनतेने त्याची भयंकर किंमत मोजली. तरीही तो निष्प्रभ नव्हता. महासचिव कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये हे युद्ध सनदेनुसार बेकायदा असल्याचे म्हटले. इराकमध्ये सैन्य पाठवण्याचा अमेरिकेचा आग्रह भारताने १४ जुलै २००३ रोजी नाकारला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, असे सांगितले. सनदेतली ती अट आपल्या जवानांच्या बाबतीत आपण लावून धरली. पुढच्या वेळी कोणी ‘अंमलबजावणी’ म्हणत सैन्य हलवील, तेव्हा आपणही तेच विचारायला हवे : आदेश कुठे आहे?