कशावरून?

परिपाठातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता, असं जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही पोराला एकटं गाठून विचारा. सुविचार म्हणेल. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना उभ्याने होतात. मग पोरं मांडी घालून बसतात आणि दिनविशेष, बातम्या, बोधकथा ओळीने सुरू होतात. पुणे जिल्ह्यात, घाटमाथ्याजवळच्या ज्या शाळेत मी हा पावसाळाभर अधूनमधून जाऊन बसत होतो, तिथे या सगळ्याच्या शेवटी ‘सामान्य ज्ञान’ असतं. पोरं त्याला ‘माहितीये का’ म्हणतात. ‘आज माहितीये का कोणाचं आहे?’ हा प्रश्न प्रार्थनेच्या आधीपासूनच ओळीत कुजबुजत फिरत असतो.

पहिली ते सातवीची ही शाळा. पाऊस नसला तर परिपाठ पटांगणात, असला तर व्हरांड्यात दाटीवाटीने. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्याने आदल्या दिवशी आपली माहिती बाईंच्या वहीत उतरवायची. वही साधी दोनशे पानी, मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे माहिती आणि उजवीकडच्या रकान्याला शीर्षक ‘कशावरून?’. उजवा रकाना रिकामा असेल तर ती माहिती परिपाठात म्हणायची नाही. ती वहीच्या मागच्या पानांवर जाते, तिथे थांबते. हा नियम बाईंचाच.

उजव्या रकान्याची पानं मी वाचत बसायचो. ‘किशोर मासिक’. ‘पेपरची पुरवणी’. ‘यूट्यूब’. ‘बिस्किटाच्या पुड्यावर होतं’. ‘दादा बोलला’. बाई दादाला खोडत नाहीत. खाली लाल पेनने लिहितात, ‘दादाला कोणी सांगितलं ते विचारून ये.’ बहुतेक वेळा दादाचं गाडं तिथेच अडतं. एकदा मात्र दादाने कॉलेजातल्या सरांना विचारून चिठ्ठी पाठवली होती. ती वहीत चिकटवलेली आहे.

माहिती सांगणाऱ्याचं एक तंत्र असतं. ‘तुम्हाला माहितीये का’ म्हणून तो थांबतो. त्या वेळी त्याची नजर सगळ्यांवर नसते. काल ज्याने भाव खाल्ला होता त्याच्यावर असते. मग आकडा येतो. आकड्याशिवाय माहिती फिकी, हे पोरांना न सांगता कळलेलं आहे. आणि आकडा पाय फुटून चालायला लागतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, असं चौथीतल्या एकाने सकाळी सांगितलं. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलायला, तिसरं बाकीच्या अंगाला. वर रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. दुपारी खिचडीच्या रांगेत मी पहिलीतल्या पोरांच्या मागे उभा होतो, तोवर हृदयं आठ झाली होती, पायाला एक या हिशेबाने. सहावीतली एक मुलगी मात्र सकाळच्या तीनवरच अडून बसली होती. ‘मग त्याचा ताप बघताना डॉक्टर ठोके कुठले मोजणार?’ यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

सगळी माहिती अशी चिकटत नाही. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, स्वतःभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीवरचे 243 दिवस आणि सूर्याभोवती फिरायला 225, हे चांगलं खणखणीत आहे. पण पोरं ‘बाप रे’ म्हणाली आणि उठली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीची साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं सगळ्यांना तोंडपाठ आहेत, पण गावात रेल्वेच नाही. तिकीट किती होतं, एवढंच एकाने विचारलं. त्या पहिल्या फेरीतले सुमारे चारशे प्रवासी निमंत्रित पाहुणे होते म्हटल्यावर त्याचाही रस संपला. माझं मत असं बनत गेलं की ‘बाप रे’वर संपणारी माहिती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ‘मग?’ म्हणायला लावणारी घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी भांडण घेऊन परत येते.

जिराफाचंच बघा. जिराफाच्या मानेत सातच मणके असतात, माणसाइतकेच. ऐकल्याबरोबर अख्खा व्हरांडा आपापल्या मानेमागे हात नेऊन चाचपायला लागला. मान पुढे वाकवली की तळाशी जे टेंगूळ बोटाला लागतं तो बहुधा सातवा, हे बाईंनी दाखवलं, पण वरचे सहा काही सापडेनात. मग एकमेकांच्या माना. मग प्रश्न: उंदराला? त्यालाही सातच. मणके तेवढेच, फक्त जिराफाचा एकेक मणका वीतभर लांब होऊ शकतो. त्या दिवशी गणिताचा तास उशिरा सुरू झाला.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाची पाळी होती. त्याने वाचलं, ‘काल आपण केलेला उपवास जवळजवळ सगळा अमेरिकेचा होता.’ बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, रताळं तिकडचं, राजगिरासुद्धा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच. कोलंबस 1492 मध्ये पलीकडे पोचला, आणि त्यानंतर पोर्तुगीज आणि इतरांच्या जहाजांतून ही पिकं हळूहळू इकडे आली. ‘कशावरून’मध्ये मराठी विश्वकोश. बाईंच्या मोबाइलवर बटाट्याची नोंद काढून त्याने ती उतरवली होती.

हे घरोघर पोचलं आणि दुसऱ्या दिवशी आज्यांची उत्तरं हजर. एकीची आजी म्हणाली होती, ‘मग पांडव काय उपाशी राहिले?’ दुसरीने नातवाला सरळ खोटं ठरवलं. एका आजीने मात्र उपयोगी साक्ष दिली: त्यांच्या लहानपणी साबुदाणा गावात कोणाला ठाऊक नव्हता, उतारावरच्या रानात वरई व्हायची, तिचाच भात आणि शेंगदाण्याची आमटी. नातीने हे वाचून दाखवताच कालचा मुलगा उसळला, ‘शेंगदाणा अमेरिकेचा!’ वरई तेवढी वाचली. आणि तूप.

पण खरी मजा पुढे झाली. सहावीतल्या त्याच ठोकेवाल्या मुलीने फळ्यावर वजाबाकी मांडली. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इसवी सन 1290. 1492 वजा 1290. ‘म्हणजे ज्ञानेश्वरांनी मिरची खाल्लीच नव्हती.’ वर्गात शांतता. इतिहासाच्या पुस्तकातल्या सनावळीचा असा उपयोग होईल असं कोणाला वाटलं नसावं. तिखटाला मग काय? मिरे, आलं. तुकोबांना मिळाली असेल का? सतरावं शतक, म्हणजे मिरची येऊन गेलेली, पण देहूपर्यंत? तेवढ्यावर वाद थांबला, कारण उजव्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. जाता जाता बाईंनी एवढं सांगितलं की बटाट्याबरोबर शब्दही बोटीतून उतरला, आणि पाव, चावी, पिंप, घमेलं हेही पोर्तुगीजांकडूनच आले. घमेल्याचं पोरांना फारच लागलं. शाळेच्या मागे बांधकाम चालू होतं, तिथल्या घमेल्याभोवती मधल्या सुट्टीत घोळका जमला.

वहीतली सगळ्यात वजनदार नोंद मात्र मागच्या पानांवरून पुढे आलेली आहे. पाचवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘उंबराला फूल रात्री बारा वाजता येतं. ज्याला दिसतं तो राजा होतो. कशावरून: आजोबा.’ बरेच दिवस न आलेल्या पाहुण्याला ‘उंबराचं फूल झालात की’ म्हणायची पद्धत त्या पोरालाही ठाऊक होती. आजोबांच्या सांगण्याला तेवढा आधार होता. बाईंनी लाल पेनने लिहिलं, ‘उंबरं घेऊन ये. कच्चं, अर्धं पिकलेलं, पिकलेलं.’

ओढ्याकाठचा उंबर खोडापासून फांद्यांपर्यंत लगडलेला होता. उंबरं आली, विज्ञानपेटीतलं भिंग आलं, बाईंनी ब्लेड हातात घेतलं. कच्चं हिरवं उंबर मधोमध कापलं. आत पोकळी आणि त्या पोकळीच्या भिंतीला चहूबाजूंनी टेकलेले शेकडो बारीक दाणे. भिंगाखाली दाण्यांना देठ दिसले, देठांवर केसरासारखे तुरे दिसले. हीच फुलं. बाहेरून ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांची बंद पिशवी. डोक्याला डोकी लागली होती. भिंगासाठी ढकलाढकली झाली.

मग अर्धं पिकलेलं कापलं आणि मागची पोरं किंचाळली. आतून काहीतरी चालत बाहेर आलं. तिळाहून लहान माश्या. काही पंखवाल्या, काळसर. काही पिवळट, बिनपंखाच्या, आतच खुरडणाऱ्या. पोरांनी पहिल्यांदा ‘कीड लागली’ म्हणून निकाल दिला. बाईंनी फळ्यावर उंबराच्या टोकाचं भोक काढलं आणि गोष्ट सांगितली. पंखवाली मादी त्या टोकाकडच्या अरुंद वाटेने आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तुटतात. अंगावर आणलेले परागकण ती आतल्या फुलांवर सांडते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पिल्लांतले नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी जोडी जमवतात, बाहेर जायचा बोगदा कोरतात. त्यांना पंख नसतात. त्यांचं सगळं आयुष्य उंबरातच. माद्या पराग घेऊन त्या बोगद्याने उडून जातात, दुसऱ्या कच्च्या उंबराच्या शोधात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही. उंबर नसेल तर माशीला घर नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, ‘बाई, आपण पिकलेली उंबरं खातो तेव्हा...?’ पुढचं त्याने गिळलं. एकजण म्हणाला, त्याच्या घरी औदुंबराला प्रदक्षिणा घालतात आणि गुरुवारी अंडंसुद्धा चालत नाही, आता काय करायचं? यावर बाईंनी हात वर केले.

पोराने वहीत आजोबांची ओळ खोडायला घेतली. ‘खोडू नको,’ बाई म्हणाल्या, ‘खाली लिही.’ त्याने लिहिलं: ‘उंबराचं फूल उंबराच्या आत असतं. कशावरून: कापून बघितलं.’ उजव्या रकान्यात असा आधार त्या वहीत पहिल्यांदाच आला. त्यानंतर बऱ्याच गोष्टी कापल्या गेल्या, त्यात एका बापाच्या टॉर्चचे सेलही होते.

श्रावणात नागपंचमीच्या आधी सापांची लाट येते. साप दूध पीत नाही हे आता जुनं झालं. पाठ्यपुस्तकं, सर्पमित्र, पोस्टर सगळे तेच सांगतात, त्यामुळे भाव मिळत नाही. तिसरीतल्या एका मुलीने म्हणून पुढची पायरी गाठली: ‘साप बहिरा असतो. तो पुंगी ऐकून डोलत नाही, पुंगी हलते म्हणून डोलतो.’ दुसरं वाक्य ठीक. पहिल्यावर बाईंनी एक ओळ जोडायला लावली: सापाला बाहेरचा कान नसतो, पण आतला असतो, जमिनीची कंपनं त्याला जबड्याच्या हाडांतून कळतात आणि हवेतले काही खालच्या पट्टीतले आवाजही पोचतात. मुलीचं तोंड उतरलं. ‘बहिरा’ किती सुटसुटीत होतं! मला तिचं दुःख पटलं. अंधश्रद्धा खोडून काढणारी माहितीसुद्धा तोंडात बसावी म्हणून इतकी घासली जाते की तिचीच नवी अंधश्रद्धा होते, आणि तिच्यावर कोणी संशय घेत नाही, कारण ती शास्त्राच्या बाजूची असते. त्या लांबलेल्या वाक्याला टाळ्या कमी पडल्या. वहीत मात्र ते पूर्ण आहे.

सप्टेंबरात शाळेला वरिष्ठांची भेट होती. साहेब चांगल्या मनाचे, बोलायला मोकळे. परिपाठ त्यांना आवडला. उत्साहाच्या भरात तेही एक माहिती सांगायला उभे राहिले. चीनची भिंत ही माणसाने बांधलेली एकमेव वस्तू आहे जी चंद्रावरून दिसते. पोरं गप्प. मग सहावीच्या ओळीतून हात वर आला.

‘सर, कशावरून?’

साहेब हसले. लहानपणी पुस्तकात वाचलं होतं म्हणाले. पुस्तकाचं नाव विचारल्यावर जरा अडखळले. तोवर मागून सातवीतला एकजण उभा राहिला. ही नोंद जूनमध्येच मागच्या पानांवर जाऊन तिथून निकाली निघाली होती. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त लांब, आणि भिंत लांब असली तरी रुंद काही मीटरच. पतंगाचा मांजा कितीही लांब असला तरी गावाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो का, असं त्याने साहेबांनाच विचारलं. शिवाय चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई 2003 मध्ये पृथ्वीभोवती फिरून आले, चंद्रापेक्षा किती तरी जवळून, आणि त्यांनीच सांगितलं की भिंत दिसली नाही.

बाई व्हरांड्याच्या खांबाकडे बघत होत्या. साहेबांनी चहा घेतला, शालेय पोषण आहाराची नोंदवही तपासली, शौचालयाच्या दाराबद्दल सूचना दिली आणि शेरेबुकात लिहून गेले: ‘विद्यार्थी धीट आहेत.’