वरळीचा पाषाणांतील बेडूक

आपल्या उल्हासनगरच्या भोंवतालीं, मलंगगडाच्या बाजूस किंवा एखाद्या दगडाच्या खाणींत, जो काळा पाषाण दिसतो, तो मूळचा भूमींतून उसळून वाहिलेला लाव्हारस होय. सुमारें ६.५ कोटि वर्षांपूर्वीं हा रस थरावर थर पसरत गेला व थिजून कठीण झाला. अशा अग्निरसांत प्राण्यांचे अवशेष कोठून असणार, अशी शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर मुंबईंतील वरळीच्या टेकडीनें दिलें आहे.

तेथें ज्वालामुखीजन्य खडकांच्या दरम्यान घट्ट झालेल्या गाळाचा एक थर आढळला. त्यांत चिमुकल्या बेडकांचे पुष्कळ सांगाडे होते; गोड्या पाण्यांतील कासवाचेहि अवशेष मिळाले. १८४७ सालीं रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानें या बेडकाचें वर्णन करून त्यास 'राना' या परिचित प्रजातींत घातलें. पुढें १९३० सालीं नोबल या अमेरिकन शास्त्रज्ञानें तीं हाडें पुन्हां तपासून प्रजाति निराळी ठरविली व तिला 'इंडोबॅट्राकस' हें नांव दिलें.

यावरून जीवाश्मशास्त्रज्ञाचें कार्य कळून येतें. हाडें गोळा करणें हा त्याचा केवळ आरंभ. अवशेष कोणत्या थरांत होता हें तो प्रथम टिपून ठेवतो. सुईनें भोंवतालचा दगड कणाकणानें दूर करितो. मग आजच्या प्राण्यांच्या हाडांशीं तुलना करून अनुमान बांधतो. बेडूक व कासव गोड्या पाण्याचे. अर्थात् आज जेथें समुद्राच्या लाटा आदळतात, तेथें त्या काळीं गोड्या पाण्याचें तळें असलें पाहिजे. त्या गाळावर पुन्हां लाव्हा पसरला. म्हणजे दोन उद्रेकांमध्यें जीवसृष्टि नांदण्याइतकी शांतता होती.

नागपुरांत शिक्षणकार्य करणारे मिशनरी हिस्लॉप व हंटर यांनींहि तेथील टाकळी गांवाजवळ अशाच थरांत गोड्या पाण्यांतील शंख, फळें व बिया शोधून १८५५ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणजे अशीं तळीं केवळ मुंबईसच नव्हतीं.

थरावेगळा झालेला जीवाश्म अर्धा मुका होतो, आणि खडी करण्यासाठीं फोडलेला तर कायमचा नष्ट होतो. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, दगडांत शंख, पान वा हाड यांची आकृति दिसल्यास तो फोडूं नका. जागा व तारीख लिहून तो शिक्षकांस दाखवा. पालकांनींहि मुलाच्या खिशांतला दगड फेकण्यापूर्वीं तो कोठें मिळाला, एवढें अवश्य विचारावें.