अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचा वाडा

चाळीसगावच्या महाविद्यालयांतून पदवीधर होणाऱ्या मुलामुलींच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. स्वतः बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांचे घर आता स्मृतिसंग्रहालय म्हणून जपलेले आहे.

१८८० साली आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई विवाहानंतर या वाड्यात आल्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव व घरातील आप्तांनी त्यांतील काही टिपून घेतली; उरलेली बरीच विरून गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.

संग्रहालयात भरजरी काही नाही. घरातील नित्य वापराच्या वस्तू आणि शेतीची अवजारे आहेत. ज्या श्रमांतून ती गाणी उमलली, त्यांची हीच साक्ष होय.

व्यापारी घराण्यांत दिवाळीला वहीपूजन होते. नोंद न झालेली रक्कम बुडीत जाते, हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र आजीच्या मुखातील ओव्या, स्तवने आणि म्हणी कोणत्याच खात्यावर चढत नाहीत. चौधरी वाड्यातील एका वहीने महाराष्ट्राचे केवढे धन राखले, हे पाहिल्यावर तरी प्रत्येक घरात अशी एक वही उघडली जावी.