तिसऱ्याचे मत कुठे जाते?
नाटे गावचा मतदार राजापूर मतदारसंघातून एकच आमदार निवडतो. सर्वाधिक मतांचा धनी जिंकतो, निम्मी मते नसली तरी. म्हणून तिसऱ्या पक्षाचे बटण दाबताना मत फुकट जाईल अशी धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. 2024च्या विधानसभेत भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांच्या युतीला सुमारे 48 टक्के मतांवर 288पैकी 230 जागा मिळाल्या; ही युती आणि तिच्याविरुद्धची आघाडी या दोन्हींबाहेरच्या वंचित आणि मनसेला एकही नाही. न्यूझीलंडमध्ये 1981 साली सोशल क्रेडिट पक्षाला 20 टक्क्यांहून जास्त मते, जागा मात्र दोनच. 1993च्या सार्वमतात लोकांनी पद्धतच बदलली: आता जागा पक्षाच्या मतांच्या प्रमाणात मिळतात. पक्षांचा बुजबुजाट होईल हा आक्षेप रास्त आहे, पण त्यासाठीच तिथे हा वाटा मिळवायला पाच टक्के मतांची किंवा एक मतदारसंघ जिंकण्याची अट आहे. हक्काचा आमदारही हरवत नाही: तिथला मतदार दोन मते देतो, एक उमेदवाराला, एक पक्षाला. अशी पद्धत इथे आली तर नाटे बंदरातल्या मच्छीमाराला गाऱ्हाणे सांगायला आमदार राहील, आणि त्याच्या पक्षाचे मतही मोजले जाईल.