रंगाच्या पाण्याची परीक्षा

ओढ्याला रंगीत पाणी आले की आपण विचारतो, "हे विषारी तर नाही ना?" गडद रंग म्हणजे जास्त विष, असे नसते. म्हणून प्रयोगशाळेत पाणपिसूंवर चाचणी घेतात. रंगाची निदान 5 कमी-जास्त प्रमाणे करून प्रत्येकात 24 तासांच्या आतली 20 पिल्ले सोडतात. तुलनेला बिनरंगाचे पाणी असतेच. 48 तासांनी भांडे हलके हलवायचे. 15 सेकंदांत जी पोहत नाहीत ती मोजायची. निम्मी पिल्ले ज्या प्रमाणाला थंडावतात, ते जितके कमी तितका रंग घातक. पाणपिसू हे मासळीच्या पिलांचे खाद्य. ते गेले की मासळीही घटते. मात्र या चाचणीत पास झालेले पाणी पिण्याजोगे ठरत नाही, हे आपण ध्यानात ठेवू या.